फ्ला: आयर्लंडच्या रस्त्यावरची फुकट संगीतजत्रा (बेलफास्ट २०२६ ला कोण कोण येतंय?)

सोनचाफा (धागाकर्ती)

आयर्लंडला कधी यावं असं इथे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं आणि उत्तरं ठरलेली. क्लिफ्स ऑफ मोहर बघा, गिनेसची फॅक्टरी बघा, मे नंतर या म्हणजे पाऊस कमी असतो (नसतो). म्हटलं एकदाच धागा काढून सांगून टाकावं, ऑगस्टमध्ये या आणि फ्लाला जा.

पूर्ण नाव फ्ला क्योल ना हेरन, स्पेलिंग बघून वाचायच्या भानगडीत पडू नका, इथे सगळे नुसतं फ्ला म्हणतात. आयरिश पारंपरिक संगीताची सगळ्यात मोठी जत्रा. पहिला १९५१ साली मलिंगरला झाला, त्याच वर्षी कोल्तस नावाची संस्था निघाली आणि तीच आजपर्यंत हे सगळं चालवते. गाव बदलत राहतं, हल्ली बहुतेक वेळा एका गावाला लागोपाठ दोन वर्षं देतात. स्लायगो, एनिस, ड्रॉहेडा, मग कोविडची दोन वर्षं काहीच नाही, मग परत मलिंगर, २०२४ आणि २०२५ ला वेक्सफर्ड, आणि २०२६ ला बेलफास्ट.

आता फुकट म्हणजे नक्की काय फुकट ते सांगते, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. आतल्या स्पर्धांना आणि मोठ्या हॉलमधल्या कॉन्सर्टना तिकीट असतं. पण गावाच्या मधोमध एक उघडा स्टेज बांधतात, गिग रिग म्हणतात त्याला, तिथे दिवसभर काही ना काही चालू असतं, ते फुकट. आणि रस्ते फुकट. वेक्सफर्डची मेन स्ट्रीट म्हणजे अशी अरुंद गल्ली आहे की दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या तर एकीने थांबावं, त्या गल्लीत दर वीस पावलांवर एक घोळका, कुठे कॉन्सर्टिना (दोन्ही हातात धरून ताणायची छोटी पेटी) आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) घेतलेल्या दोन बहिणी समोर वाद्याची पेटी उघडी टाकून, कुठे पबच्या बाहेर गोल करून बसलेली आठ दहा माणसं, पुढे बुलरिंगच्या चौकात त्या भालेवाल्या पुतळ्याखाली अजून एक टोळी, खाली धक्क्यावर गेलात तर तिथे नाच चालू. एका घोळक्यातून कान काढला की दुसरा कानात शिरतो.

आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे हे रस्त्यावरचे लोक कुणी पैसे देऊन बोलावलेले कलाकार नसतात. ही पोरं स्पर्धेसाठी आलेली असतात. आधी जिल्ह्याचा फ्ला, मग प्रांताचा (लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट, अल्स्टर, शिवाय ब्रिटन आणि अमेरिकेतले वेगळे), तिथून निवडून आलेली फायनलला येतात, बारा वर्षांखालची, पंधराखालची, अठराखालची आणि मोठी, असे गट, आणि प्रत्येक वाद्याची वेगळी स्पर्धा. एका पोरामागे आई बाप आजी आणि दोन भावंडं येतात, त्यातली निम्मी काही ना काही वाजवणारी. स्पर्धा पाच मिनिटांची आणि गावात मुक्काम चांगला आठवडाभराचा, मग उरलेल्या वेळात करायचं काय? रस्त्यावर बसायचं आणि वाजवायचं. म्हणजे तिकिटाची जी स्पर्धा आहे तिच्यामुळे हा फुकटचा रस्ता भरतो. कमाई होते ती हॉटेलवाल्यांची, पबवाल्यांची, बी अँड बी वाल्यांची, म्हणून तर गावं फ्ला मिळवायला धडपडतात.

शनिवारी जाऊ नका, मुंगीला जागा नसते. गुरुवार बेस्ट.

गवती चहा

मस्त लिहिलंय. एक बेसिक प्रश्न, हे सगळे एकमेकांना ओळखत नाहीत तर एकत्र वाजवतात कसे? समोर कागद असतो का?

सोनचाफा

कागद काढला तर लोक विचित्र बघतात 🙂 सगळं कानावर. आपल्याकडे गावातल्या भजनी मंडळात परगावचा माणूस येऊन बसला आणि त्याला अभंगाची चाल माहीत असली की लगेच टाळ उचलतो ना, तसंच आहे हे, चाली सगळ्यांच्या सामाईक.

बांधणी एकदम साधी. बहुतेक ट्यूनचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्रा-घरांचा म्हणजे इकडच्या भाषेत आठ बार, दोन्ही भाग दोनदा, झाले बत्तीस बार. एक ट्यून दोन तीन वेळा फिरवायची आणि न थांबता दुसरीत उडी मारायची, अशा दोन तीन ट्यून मिळून एक सेट. उडी कधी मारायची ते ज्याने सुरुवात केली तो ठरवतो, नुसती भुवई उडवतो किंवा हप् असं काहीतरी ओरडतो. रील म्हणजे चार चारचा सरळ पळता ठेका, जिग सहा आठची, स्लिप जिग नऊ आठची, केरीकडे गेलात की पोल्का. मुळात हे नाचाचं संगीत आहे त्यामुळे ठेका घट्ट लागतो. ट्यून माहीत नसेल तर गप्प बसायचं आणि ऐकायचं, हा एकच कडक नियम. आणि बोरान, म्हणजे तो हातात उभा धरून काडीने वाजवायचा डफासारखा प्रकार, तो एका वेळी एकानेच. न विचारता दुसरा बोरानवाला येऊन बसला की बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

खडूस मास्तर

धागा चांगला आहे पण एक मिठाचा खडा टाकतो. असल्या सगळ्या प्रकाराला बाहेरचे लोक सरसकट "केल्टिक म्युझिक" म्हणतात, प्राचीन केल्ट लोकांचा सामायिक वारसा वगैरे. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या लोकांनी स्वतःला केल्ट म्हणवून घेणं ही गोष्टच सुमारे तीनशे वर्षांची आहे. एडवर्ड लॉइड नावाच्या वेल्श माणसाने १७०७ साली आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषा एका घरातल्या आहेत हे मांडलं, त्यानंतर हे लेबल चिकटलं. भाषांचं नातं खरं आहे, त्यात वाद नाही. पण भाषा एका घरातल्या म्हणून संगीतही दोन हजार वर्षं जुनं आणि एकच, हे कुठून आलं? या रील आणि जिग बऱ्याचशा अठराव्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, रील तर स्कॉटलंडमधून आली. बाकी सगळं सीडीच्या कव्हरवरचं धुकं.

नाचणी

मास्तर आले, आता धागा शंभरी गाठणार 😀

पण मी सहमत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्पेनमध्ये होतो तेव्हा गलिशियातल्या ऑर्तिगेराला गेलो होतो, तिकडचा केल्टिक फेस्टिव्हल, जुलैमध्ये असतो. तो तर पूर्णच फुकट आहे, स्टेजसमोरचं मैदानही फुकट आणि मोरोसोस बीचला लागून पाइनच्या झाडीत तंबू टाकायचा तोही फुकट. १९७८ ला गावातल्या गाइता शिकवणाऱ्या शाळेच्या लोकांनी सुरू केला, गाइता म्हणजे तिकडची बॅगपाइप. १९८८ ते ९४ बंद पडला होता, ९५ ला परत सुरू. आयर्लंड, स्कॉटलंड, फ्रान्समधली ब्रिटनी, स्पेनमधलंच आस्तुरियास सगळीकडून बँड येतात. गाव म्हणजे अगदी छोटं, समुद्राच्या फाट्यावर, आणि त्या चार दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. रात्री दोन वाजता हजारो माणसं गाइतावर नाचतायत. आता मला सांगा, तिथे नाचणाऱ्याला १७०७ शी काय घेणं आहे?

खडूस मास्तर

नाचायला माझी हरकत नाहीच. पण उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. गलिशियात आज कुठलीही केल्टिक भाषा नाही, गॅलिशियन भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण. तरी ते केल्टिक. का, तर एकोणिसाव्या शतकात तिथल्या लेखकांनी आपण माद्रिदवाल्यांपेक्षा वेगळे हे सांगायला केल्ट पूर्वज पुढे आणले. ब्रिटनीतल्या लोरियाँ गावचा इंटरसेल्टिक फेस्टिव्हल १९७१ चा, तोही ब्रिटनीतल्या लोकांनी आपण पॅरिसपेक्षा वेगळे हे सांगायच्या काळातलाच. वारसा सापडत नाही, ठरवला जातो.

नाचणी

बरं मग ठरवला. पन्नास वर्षं दरवर्षी एकत्र जमून एकमेकांच्या ट्यून वाजवल्यावर आता तो सामायिक झाला की नाही? गलिशियन पोरं आयरिश रील वाजवतात, आयरिश लोक गलिशियन मुन्येइरा वाजवतात, ती पण सहा आठचीच आहे, जिगवाल्यांच्या हातात आपोआप बसते. मला तर वाटतं फुकट आणि उघड्यावर असल्यामुळेच हे झालं. तिकिटाच्या हॉलमध्ये तुम्ही समोर बसून ऐकता, पाइनच्या झाडीत शेजारच्या तंबूतला माणूस गाइता काढतो आणि तुम्ही जाऊन बसता.

सोनचाफा

दोघांच्या मधे बोलते. फ्लाला कुणी केल्टिक हा शब्द फारसा वापरत नाही, सगळे ट्रॅड म्हणतात. आणि मास्तर, शुद्ध वगैरे असं काही इथलेच लोक मानत नाहीत. बघा ना, बँजो अमेरिकेतून आला आणि त्याचं मूळ आफ्रिकन, कॉन्सर्टिना लंडनच्या व्हीटस्टनने काढलेली, अकॉर्डियन जर्मन ऑस्ट्रियन मुलखातलं, बुझुकी (लांब मानेचं तारांचं वाद्य) तर ग्रीक, ती १९६० च्या दशकात इकडे आली आणि आज बुझुकीशिवाय बँड दिसत नाही. पारंपरिक म्हणजे काय तर त्या ट्यून आणि त्या वाजवायची ढब.

गवती चहा

आपली पेटी पण पॅरिसहूनच आली होती, आता तिच्याशिवाय कीर्तन होत नाही. चला पुढे.

बेळगावी कुंदा

बॅगपाइप म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, लहानपणी परेडला पाइप बँड ऐकलाय, काटा यायचा अंगावर. दिल्लीला २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये पण असतात. तिकडे फ्लाला तेच वाद्य असतं का? की ते फक्त स्कॉटलंडचं?

सोनचाफा

आर्मीतली ती स्कॉटिश हायलँड पाइप, तोंडाने फुंकायची, उभं राहून किंवा चालत वाजवायची, आवाज मैलभर जातो. फ्लाला मिरवणुकीत आणि मार्चिंग बँडच्या स्पर्धेत ती दिसते. पण इथलं लाडकं वाद्य म्हणजे इलन पाइप्स. ती बसून वाजवतात, तोंड लावतच नाहीत, एका कोपराखाली भाता आणि दुसऱ्याखाली हवेची पिशवी, मांडीवर आडवे तीन ड्रोन पाइप (म्हणजे आपला षड्ज धरून ठेवल्यासारखं), आणि मनगटाच्या कडेने दाबायच्या चाव्या, त्यांच्यातून स्वरमेळ निघतो. दोन्ही हाताची बोटं वर चँटरवर, म्हणजे सूर वाजवायच्या भोकांच्या नळीवर, नाचत असतात ती वेगळीच. शिकायला एकवीस वर्षं लागतात अशी म्हण आहे, सात शिकायची, सात सरावाची, सात वाजवायची.

गंमत म्हणजे हे वाद्य उघड्यावरच्या जत्रेसाठी अगदीच गैरसोयीचं. आवाज गोड पण लहान, आणि बोरूच्या रीड, हवा जरा दमट झाली की सूर हलतो. त्यात आयर्लंडचा ऑगस्ट. त्यामुळे पाइपवाले लोक शक्यतो एखाद्या कमानीखाली नाहीतर पबच्या दारात आडोसा धरून बसलेले असतात, शोधावे लागतात. १९६८ ला त्यांची संघटना निघाली तेव्हा वाजवणारे शंभराच्या आसपासच उरले होते. आता जगभर हजारो आहेत, आणि २०१७ ला युनेस्कोच्या यादीतही गेलं. मागच्या वेळी एक दहा अकरा वर्षांची मुलगी वाजवत होती, भात्याचा पट्टा तिच्या कोपराला दोन वेढे मारून बांधलेला.

बेळगावी कुंदा

वा! हे माहीतच नव्हतं. यूट्यूब उघडतो.

मालवणी खाजा

आयर्लंडचा विषय निघाला नि अजून कुणी वराड गावाचं नाव काढलं नाय, ह्यो अन्याय आसा. लिओ वराडकरांचे वडील आमच्या मालवण तालुक्यातले, आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात गावात येऊन गेले. आता दशावतार घेऊन जाऊया बेलफास्टाक.

सोनचाफा

😂 दशावताराला गिग रिग पुरणार नाही, रात्रभर चालतो, इथे पोलीस येतील.

खडूस मास्तर

ते स्पर्धेचं जे कौतुक चाललंय त्यावर दुसरा खडा. स्पर्धा आली की परीक्षक आला, परीक्षक आला की "बरोबर" वाजवणं आलं. आयरिश संगीतात स्लायगोचं फिडल वेगळं, डोनेगलचं वेगळं, क्लेअरचं संथ, कॉर्क आणि केरीच्या सीमेवरचं पोल्कावालं वेगळं. हे सपाट व्हायला सुरुवात रेकॉर्डिंगने केली, मायकेल कोलमन हा स्लायगोचा फिडलवाला न्यूयॉर्कला जाऊन १९२० च्या दशकात ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या काढतो, त्या बोटीने आयर्लंडला परत येतात आणि खेड्याखेड्यातली पोरं आपल्या आजोबांची ढब सोडून कोलमनसारखं वाजवायला लागतात. उरलेलं काम स्पर्धेने केलं. तुमच्या पंधराखालच्या गटातली पोरं डोळे मिटून ऐका, कोण कुठल्या जिल्ह्यातलं ते ओळखता येतं का सांगा.

सोनचाफा

हा आक्षेप मात्र खरा आहे आणि इथले जुने वाजवणारेही हेच म्हणतात. मी आतल्या फायनलला बसलेय, शाळेचा वर्ग, एक टेबल, परीक्षक लिहितोय, पोरगं घामाघूम, दोन ट्यून झाल्या की टाळ्या आणि पुढचा नंबर. तिथे संगीत होत नाही, इतकंच म्हणीन.

पण दुसरी बाजू बघा. १९५१ ची अवस्था काय होती. १९३५ साली सरकारने नाचाच्या हॉलचा कायदा केला, लायसन्सशिवाय सार्वजनिक नाच बंद, चर्चलाही तेच हवं होतं, आणि पाद्री आणि पोलीस मिळून लोकांच्या घरातले नाच सुद्धा बंद पाडायला लागले. स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमून जे वाजवायचे ते संपत आलं. पोरं बोटीने इंग्लंड अमेरिकेला चाललेली. शहरात तर फिडल घेऊन फिरणं म्हणजे गावंढळपणा. त्या वेळी कुणीतरी म्हणालं की बाबा वर्षातून एकदा एका गावात जमूया, स्पर्धा हे निमित्त. चौपन्न, पंचावन्न, छप्पन अशी लागोपाठ तीन वर्षं किलफेनोरा केली बँड (केली बँड म्हणजे नाचासाठी वाजवणारा ताफा) जिंकला, त्यांची आणि टल्ला बँडची चुरस बघायला लोक सायकली हाणत यायचे. निमित्त नसतं तर जमलेच नसते. आता तीच पोरं स्पर्धेत एकसारखी वाजवतात आणि संध्याकाळी रस्त्यावर एखाद्या क्लेअरच्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसतात, तो संथ वाजवतो मग यांनाही संथ वाजवावं लागतं. ढब तिथे शिकतात. आणि जे आठवडाभर शिकायचेच वर्ग असतात, स्कॉल एग्शा, त्यातही जुनी माणसं शिकवायला असतात.

खडूस मास्तर

म्हाताऱ्याच्या शेजारी बसतात हे मान्य करतो. किती बसतात हा प्रश्न आहे. पण असो, शिकागोच्या पोलीसप्रमुखाने १९०३ साली १८५० ट्यून छापल्या नसत्या तर यातल्या कितीतरी म्हाताऱ्यालाही आठवल्या नसत्या.

नाचणी

पोलीसप्रमुख??

खडूस मास्तर

फ्रान्सिस ओ'नील. कॉर्कचा, लहानपणी बोटीवर गेला, पुढे शिकागो पोलिसात. आयरिश वाजवणारे हुडकून पोलिसात नोकऱ्या लावायचा असं म्हणतात. स्वतःला नोटेशन लिहिता यायचं नाही, मग त्याच आडनावाचा एक सार्जंट लिहून घ्यायचा. आजही सेशनमध्ये, म्हणजे अशा गोल बसून वाजवायच्या बैठकीत, वाद झाला की "ओ'नीलमध्ये काय आहे" विचारतात.

नाचणी

मास्तर, तुम्ही विरोधातच बोला, माहिती भारी मिळते.

पावशेर

कामाचा प्रश्न. आम्ही कॉर्कला असतो, नवीनच आलोय, आयआरपी (इथलं रहिवासी परवाना) कार्ड आहे, पासपोर्ट भारताचा. बेलफास्टला जायचं तर वेगळा व्हिसा लागतो का? ऑफिसातले म्हणतात बॉर्डरवर कुणी बघत नाही, बिनधास्त जा.

दर्यावर्दी

बघत नाही हे खरं, बोर्डसुद्धा दिसत नाही, फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलावर जातात. पण नियम स्पष्ट आहे, नॉर्दर्न आयर्लंड म्हणजे यूके, भारतीय पासपोर्टवाल्याला आयआरपी असलं तरी यूकेचा व्हिसा लागतो. बसमध्ये ट्रेनमध्ये अधूनमधून तपासणी होते. ऑफिसातल्यांचे पासपोर्ट कुठले ते आधी विचारा, आयरिश माणसाला हे माहीतच नसतं. पुढे नागरिकत्वाला अर्ज करायचाय ना, मग एका जत्रेसाठी कशाला रेकॉर्ड खराब करता. भारतातून टुरिस्ट म्हणून येणाऱ्यांना बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) शेरा असलेला व्हिसा मिळाला तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, पण ज्या देशाने दिला तिथे आधी उतरायचं. तुम्हाला ते लागू नाही, तुम्ही रहिवासी.

अर्ज आत्ताच टाका. राहायची जागा पण आत्ताच. डब्लिन कॉनली स्टेशनवरून एंटरप्राइज ट्रेन दोन सव्वादोन तासात बेलफास्ट ग्रँड सेंट्रलला सोडते, जागा जमली नाही तर डब्लिनहून दिवसात जाऊन परत येता येतं.

सोनचाफा

दर्यावर्दींना अनुमोदन. आणि बेलफास्टला फ्ला पहिल्यांदाच होतोय. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये याआधी फक्त एकदा, २०१३ ला डेरीला. तिकडे कुठलं वाद्य कुणाचं यावरून सुद्धा बाजू (कॅथलिक की प्रोटेस्टंट) ठरायच्या एके काळी, त्यामुळे बेलफास्टच्या रस्त्यावर हे बघायला मी तर जाणारच.

गवती चहा

मी बासरी वाजवतो (बरी वाजवतो). घेऊन आलो तर कुठे बसू देतील का? सहा भोकांचं गणित तर सारखंच दिसतंय.

सोनचाफा

बसू देतील, लोक फार प्रेमळ असतात, आधी हसून "मे आय" एवढं विचारा. बोटं लगेच बसतील. दोन अडचणी. एक म्हणजे पट्टी, सेशन बहुतेक डी आणि जी मध्ये चालतं, तुमची बासरी दुसऱ्या पट्टीतली असेल तर गाडी अडणार. दुसरं म्हणजे मींड विसरा. इथे गोडवा बोटाच्या झटक्यातून येतो, कट, टॅप आणि दोन्ही मिळून रोल, स्वर घसरवायचा नाही, तोडायचा, आणि ठेक्याच्या वेगात. संथ एअर (नाचाची नसलेली सावकाश चाल) असेल तिथे थोडं घसरवलेलं चालतं. माझं ऐकाल तर आधी एक टिन व्हिसल घ्या, पिझ्झाच्या पैशात येते, इथे प्राथमिक शाळेतली बहुतेक पोरं तिच्यावरच सुरुवात करतात.

पावशेर

व्हिसाचा फॉर्म उघडलाय. बायको म्हणते व्हेज खायला काय मिळेल, आणि लेकीला शाळेत व्हिसल घ्यायला सांगितलीय, दुकानात निळी सी मधली होती ती आवडली तिला. ती चालेल ना?

सोनचाफा

चिप्स मिळतील. डबा घ्या. आणि निळी घ्या, गुलाबी घ्या, पण डी घ्या.